नऊ वाव

कणकुंबीच्या अलीकडं, देसायांच्या पडक्या विहिरीत
पंप सोडायला उतरलो
तर जांभ्याच्या भिंतीवर हाताला खाचा लागल्या.
सारख्या अंतरानं. एक वाव, अजून एक वाव.
काठाच्या दगडावर नांगर कोरलेला,
शेतातला न्हवे, जहाजाचा.
आमच्या भाषेत दोघांना एकच शब्द,
म्हणून गावानं त्याला बैलाचा समजून
दर बेंदराला हळद लावली.

टोपाण्णा बिर्जे सरांनी मोडी वाचून दाखवलं,
खानापुरात, खताच्या दुकानाच्या माडीवर,
चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली:
‘इवजी फरासीस, गलबतावरील,
यास विहिरी मोजणेबद्दल
भात दोन खंडी, घोंगडी एक.’
बस. एवढीच त्याची नोकरी आमच्याकडं लिहून ठेवलेली.

बाकीचं सरांनी कुठून कुठून जमवलंय
आणि थोडं मी, विहिरीत उभं राहून.

बाराव्या वर्षी ब्रेस्त बंदरात त्याला बोटीवर चढवलं.
डोलकाठी, दोर, उलट्या.
मग शिशाचा गोळा पाण्यात टाकून
दोरीच्या गाठी मोजायचं काम:
तळाला वाळू की चिखल की खडक,
ओरडून सांगायचं. चुकलं तर
तीनशे माणसं बुडणार.
पोराचा आवाज फुटला तो असा, आकडे ओरडत.

वीस वर्षांनी बावीस तोफांचं एक गलबत त्याच्या हाती आलं.
पूर्वेच्या समुद्रात इंग्रजांशी दोन लढाया,
एक जिंकलेली, एक कुणालाच न कळलेली.
मग मिरिच बेटावर बातमी आली:
राजाचं डोकं उडवलं, निशाण बदललं.
ह्याच्या पेटीत हुद्द्याचा कागद होता, त्यावर राजाचा शिक्का.
नवे लोक म्हणाले, हा चालत नाही.

ह्यात मला काय नवल वाटलं नाही.
माझ्या पावतीवर दुकानाचं नाव कन्नडात,
आकडे इंग्रजीत, गिऱ्हाईक घासाघीस करतंय मराठीत.
ह्या भागात कागद बदलतात.
माणूस हाय तिथंच असतंय.

तो मात्र राहिला नाही.
गोव्याला उतरला, तिथंही कुणी विचारलं नाही,
तर लमाणांच्या बैलांमागून घाट चढला.
पाठीवर गोण्या, गोण्यांत मीठ.
समुद्राचा तेवढाच भाग वर येतो.

देसायांनी विचारलं, तोफा ओतता येतात?
म्हणाला, तोफा मी फक्त ऐकल्यात.
मग येतंय काय तुला?
खोली मोजता येते.

सर सांगतात, तो एकदा डोंगराच्या धारेवर गेला,
जिथून एक पाणी मलप्रभा होऊन पूर्वेला जातं
आणि दुसरं खाली गोव्याकडं,
आणि त्यानं तांब्यातलं पाणी
निम्मं इकडं, निम्मं तिकडं ओतलं,
दोन्ही समुद्रांना.
सरांचे डोळे भरून येतात इथं.
मला पटत नाही.
मोजणारा माणूस पाणी सांडत नाही.

मी खाचांमध्ये हात ताणून बघितले.
छाती भिंतीला, गाल गार दगडाला.
त्याचा वाव माझ्यापेक्षा चार बोटं आखूड.
बुटका असेल.
नाहीतर एका हाताची बोटं
कुठल्यातरी समुद्रात राहिली असतील,
मोडीत कोण लिहितंय ते.
पाणी आठव्या खाचेला लागलेलं. नववी पायानं चाचपली,
मग तळ. चिखल.
तोंडातून आपसूक मोठ्यानं निघालं, ‘चिखल!’
विहिरीनं ते दोनदा परत दिलं.

वरनं परशा ओरडला,
‘किती पाइप सोडू?’
‘नऊ वाव.’
‘फुटात सांग की रे!’

पन्नास, म्हणालो.